वाकड्या बारचं माप

“...म्हणजे लेथ माझ्याकडे पाठवताना तुम्हाला ठाऊक होतं का, वस्ताद? एवढंच सांगा. बेड झिजलंय हे तुम्हाला ठाऊक होतं का?”

बाबालाल वस्तादांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली.

“सूनबाईच्या हाताला चव हाय,” ते म्हणाले.

“मी काय विचारतोय, वस्ताद...”

“ऐकतोय की. बहिरा न्हाई झालो अजून.”

शहाजी लोहारानं हातातली बशी खाली ठेवली. शेडच्या पत्र्यावर चिंचेची एक फांदी घासत होती, तेवढाच आवाज.

अडीच वाजले होते. चार वाजता टेंपो यायचा होता.

कुरुंदवाडला घरामागं शहाजीनं ही शेड बांधली ती याच लेथसाठी, धातू कातायच्या या यंत्रासाठी. खाली काँक्रीट ओतलं, वर दोन ट्यूबलाइट लावल्या, खिडकीला जाळी मारली. लेथ नवा नव्हता. शहाजीपेक्षाही तो वयानं मोठा होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वस्तादांच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो चाळीस वर्षं फिरला होता. नववीतून शाळा सोडलेला, मिसरूडही न फुटलेला शहाजी ज्या दिवशी तिथं पहिल्यांदा उभा राहिला, त्या दिवशी वस्तादांनी त्याला याच लेथसमोर उभं केलं होतं आणि म्हटलं होतं, “आधी चार दिवस नुसता आवाज ऐक.”

तो सहा वर्षं तिथं राहिला. मग शिरोलीच्या कारखान्यात लागला आणि चढत चढत तपासणी खात्याचा मुख्य झाला. आता त्याची सही झाल्याशिवाय एकही नग कारखान्याबाहेर जात नसे. खात्यातली पोरं त्याला मागं ‘शंभरावा भाग’ म्हणत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं कमी-जास्त झालेला नगही तो बाजूला काढायचा, म्हणून. ते त्याला ठाऊक होतं, आणि मनातून ते त्याला आवडतही होतं.

सहा महिन्यांपूर्वी वस्तादांनी उद्यमनगरातली शेड बंद केली. लेथ ट्रॉलीत घातला आणि कुरुंदवाडला पाठवून दिला. विचारलं नाही, सवरलं नाही. ट्रॉलीवाल्याबरोबर नुसता निरोप होता, “जागा करून ठेव.”

शहाजीनं जागा केली. आणि आता तो लेथ सरळ काम देत नव्हता.

लोखंडी कांब लावावी, पातळ काप घ्यावा, मायक्रोमीटर लावावा, तर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक. दर वेळी. आठ रविवार त्यानं त्यात घातले. शेवटी त्याच्या मनानं निकाल दिला : बेड, म्हणजे ज्यावरून हत्यार सरकतं तो लांब ओतीव पाट, झिजलंय. कारखान्यात झिजलेल्या बेडवर उपाय एकच, खोलायचं आणि ग्राइंडिंगला पाठवायचं. आजचा टेंपो त्यासाठीच होता.

पण ग्राइंडिंगचा दगड एकदा बेडवरून फिरला की वरच्या खुणा जाणार होत्या.

त्या खुणा म्हणजे चंद्रकोरीसारख्या, नखाएवढ्या, बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटलेल्या. तीस वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात वस्तादांनी आणि शहाजीनं त्या हातांनी काढल्या होत्या. सपाट पट्टीला तेलात कालवलेला शेंदूर फासायचा, पट्टी बेडवर घासायची. जिथं लाल डाग पडेल तिथं उंचवटा आहे. तो हातातल्या स्क्रेपरनं खरवडायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा पट्टी, पुन्हा खरवड. चाळीस दिवस. शेजारच्या फौंड्रीतून जळक्या वाळूचा वास यायचा, पत्रा डोक्यावर तापायचा, आणि दोघांचे हात कोपरापर्यंत लाल व्हायचे. घरी गेल्यावर शहाजीची आई विचारायची, “कुठल्या मारुतीला कवटाळून आलास रं?”

वस्तादांच्या दाढीलाही शेंदूर लागलेला असायचा. नमाजाला जाण्याआधी ते हौदावर बसून साबणानं तो काढत राहायचे. एकदा निघाला नाही म्हणून तसेच गेले. परत आल्यावर म्हणाले, “कुणी काय बोललं न्हाई. सगळ्यांस्नी म्हाईत हाय, बाबालालचं काम चाललंय.”

त्या उन्हाळ्याइतका आनंद शहाजीला नंतर कशात झाला नाही. पहिल्या पगारात नाही, साहेब झाल्यावर नाही.

म्हणूनच आज दुपारी जेवण झाल्याबरोबर तो मोटारसायकल घेऊन निघाला आणि वस्तादांना त्यांच्या लेकीच्या घरून, जयसिंगपुरातून, मागं बसवून घेऊन आला. टेंपो येण्याआधी त्याला एक गोष्ट ऐकायची होती. तो उन्हाळा खरा होता, की वस्तादांनी एक झिजलेला लेथ गोडीगुलाबीनं त्याच्या गळ्यात मारला होता?

“ठाऊक होतं का?” त्यानं पुन्हा विचारलं.

वस्तादांनी बशी खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठले.

“दाव,” ते म्हणाले.

आधी ते लेथला हातानंच भेटले. मोटारीकडच्या हेडवरून तळवा फिरवला, मग कांब धरणाऱ्या गोल चकवर, मग बेडवर. त्या चंद्रकोरींवरून बोटं सावकाश पुढं नेली, टोकापर्यंत, आणि तशीच मागं आणली. शहाजी बघत राहिला. ते हात आता वाळलेल्या शेंगांसारखे झाले होते.

“रंग कुणी दिला?”

“मीच.”

“पोपट केलास की रं त्याचा.”

दारात उभी असलेली शहाजीची बायको, कमल, पदर तोंडाला लावून हसली. “मी बी तेच म्हटलं, वस्ताद. तर म्हणाले, कारखान्यात असाच असतोय.”

“कारखान्यात असतोय, मग बरोबर असंल,” वस्ताद म्हणाले. “तपासलंस कशानं?”

शहाजी या प्रश्नाची वाटच बघत होता. त्यानं फळीवरची लाकडी पेटी काढली, झाकण उघडलं, मऊ कापड बाजूला केलं. आत फूटभर लांबीचा तपासणीचा बार होता, आरशासारखा. साहेबांना विचारून त्यानं तो कारखान्यातून आणला होता.

“याच्यापेक्षा सरळ वस्तू अख्ख्या तालुक्यात सापडायची नाही,” तो म्हणाला. “याचा दाखला आहे. हा बघा, शिक्क्यासकट. हा बार खोटं बोलत नाही.”

“कागद ठेव. बार दे हातात.”

वस्तादांनी बार दोन्ही तळव्यांवर आडवा घेतला. न्हाऊ घातलेलं मूल घ्यावं तसा. थोडा वेळ नुसताच धरला. मग परत दिला.

“झकास हाय. बसव.”

शहाजीनं फडक्यानं बारचं निमुळतं टोक पुसलं, हेडच्या भोकात घट्ट बसवलं. मग चक हातानं थोडा फिरवून बारवर कोरलेला नंबर बरोबर वर आणला.

“त्ये काय करतोस?”

“नंबर वर घेतला.”

“कशापायी?”

“आमच्या खात्यात तशी पद्धत आहे. नंबर वर ठेवूनच वाचायचं. म्हणजे कुणीही वाचलं तरी वाचन एकसारखं येतं.”

“चांगली हाय पद्धत,” वस्ताद म्हणाले.

बेडवरून सरकणाऱ्या कॅरेजवर शहाजीनं काट्याची डायल लावली. तिचं टोक बारच्या अंगाला टेकवलं. बार जिथून बाहेर येत होता तिथं काटा शून्यावर आणला. आता कॅरेज सरकवायची आणि काटा किती घरं हलतो ते बघायचं. लेथ आणि बार एका रेषेत असतील तर काटा हलता कामा नये.

“मोठ्यानं वाच,” वस्ताद म्हणाले.

शहाजीच्या कपाळावर आठी पडली. मोठ्यानं वाचायचं काम नव्या पोरांचं. खात्यात पोरं वाचत आणि तो ऐकत असे. एकोणपन्नास वर्षांचा झाला होता तो.

“तुम्हीच बघा की. डायल तुमच्याकडं फिरवतो.”

“मी बसतो. तू वाच.” आणि ते खरंच लाकडी ठोकळ्यावर बसले.

शहाजीनं कॅरेज सरकवली. “शून्य,” तो म्हणाला. अजून सरकवली. “शून्य.”

“शेवटाला?”

“शून्य.”

“मग तक्रार काय हाय?”

“तीच तर तक्रार आहे, वस्ताद. बार म्हणतोय लेथ सरळ आहे. तरी कांब कापली की ती तिरकी येते. बार बरोबर, डायल बरोबर, मापं बरोबर. मग राहिलं काय? बेड. कॅरेज बेडवरून झिजेतनं वाकडी चालत असणार.” त्यानं श्वास घेतला. “खात्यात आम्ही कुणाच्या शब्दावर जात नाही. वस्तू काय सांगते ते बघतो.”

“व्हय...” वस्ताद म्हणाले. “आनि पहिल्या दिवशी बार काय म्हणत हुता? लेथ नुसता ठेवलास, बोल्ट लावलंस, तवा?”

“चार घरं दाखवत होता.”

“मग?”

“मग मी तिकडच्या टोकाला, टेलकडच्या पुढच्या पायाखाली पत्र्याच्या पट्ट्या घातल्या. एक घातली, वाचलं. दुसरी घातली, वाचलं. तिसरीला शून्य झालं. दोन रविवार गेले त्यात.”

“आनि पट्ट्या घालायच्या आधी कांब कशी येत हुती?”

शहाजीनं फडकं हातात घेतलं.

“आधी...”

“आधी.”

“आधी कांब कापलीच नाही. आधी तपासणी, मग काम. तसंच असतं.”

“तसंच असतं,” वस्ताद म्हणाले.

कमलनं बशा उचलल्या, पण ती गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. पत्र्यावर फांदी घासत होती.

मग वस्ताद उठले. शहाजीला वाटलं, ते पट्ट्या बघायला वाकतील. ते वाकले नाहीत. त्यांनी चकवर तळवा ठेवला आणि तो सावकाश अर्धा फेरा फिरवला. बारवरचा नंबर खाली गेला.

“आता वाच.”

“वस्ताद, नंबर...”

“वाच की.”

शहाजीनं कॅरेज बारच्या मुळाशी आणली. काटा शून्यावर घेतला. मग कॅरेज सरकवत नेली.

काटा हलला. त्यानं वाकून डायलची काच पुसली.

“आवाज यीना,” वस्ताद म्हणाले.

“...आठ.”

“शून्य न्हाई?”

“आठ घरं. उलट्या अंगाला.”

“धक्का लागला आसंल. परत बघ.”

शहाजीनं चक फिरवून नंबर वर घेतला. शून्य. नंबर खाली घेतला. आठ. पुन्हा वर. शून्य. पुन्हा खाली. आठ. त्याच्या मानेवर घाम आला होता. तो पाच-सहा वेळा हेच करत राहिला, आणि वस्ताद ‘बरं’ म्हणत राहिले, जणू कुणी त्यांना पाढे म्हणून दाखवत होतं.

मग शहाजीच्या डोळ्यांपुढं शिरोळच्या अलीकडचा तो गतिरोधक आला. बार कारखान्यातून आणला तो दिवस. पेटी मोटारसायकलला मागं बांधलेली, दोरी सुटली आणि पेटी खडीवर पडली होती. त्यानं तिथंच थांबून झाकण उघडून पाहिलं होतं. बारवर ओरखडासुद्धा नव्हता. त्यानं पेटी बांधली आणि पुढं निघाला.

दुसऱ्या कुणी आणून दिलेला बार असता तर त्यानं आधी फिरवून बघितला असता. हा त्यानं स्वतः आणला होता, वर दाखला होता, म्हणून नंबर वर करून सरळ वाचायला घेतला होता.

“बार वाकलाय,” तो म्हणाला.

“जराशीक.”

“आणि मी लेथला...” ठोकळ्याकडं न बघताच तो त्यावर बसला. “लेथ सरळ होता. मी त्याला पट्ट्या घालून पिळलं. वाकड्या बारशी जुळावा म्हणून.”

“आठ रविवार,” कमल दारातून म्हणाली.

“तू जा ना आत.”

“जाते. चांगलं चाललंय, म्हणून थांबले.”

वस्ताद हसले. शहाजी उठला. त्यानं बार हेडमधून मोकळा केला, पेटीकडं गेला, मग विचार बदलून कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्याकडं वळला.

“कुठं निघालास त्याला घिऊन?”

“हा काय कामाचा आता? साहेबांना सांगतो, माझ्या हातनं वाकला, दुसरा मागवा. दाखला फाडून टाकतो.”

“बसव त्याला परत.”

“वाकडा बार आहे, वस्ताद. वाकड्यानं सरळ कसं मोजणार?”

“बसव. आनि पट्ट्या काढ.”

शहाजीला राग आला होता, पण कुणावर ते ठरवता येत नव्हतं. त्यानं बार पुन्हा बसवला. मग पान्हा घेऊन जमिनीवर पालथा पडला, टेलकडचे बोल्ट सैल केले आणि पत्र्याच्या तिन्ही पट्ट्या एकेक करून ओढून काढल्या. तेलाच्या डब्याचा पत्रा होता तो. त्यावर अजून निळी अक्षरं होती.

“आता बोल्ट धर. आवळू नको, नुसता धर. पोराचं बोट धरतो तसं.”

हे वाक्य शहाजीनं तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. पूर्वी ते दिवसाला दहादा ऐकू यायचं. त्याचा हात आपोआप सैल झाला. पान्हा जिथं थांबायला हवा तिथं थांबला. त्या क्षणी उद्यमनगरातली ती शेड, तो तापलेला पत्रा, फौंड्रीचा तो वास असा जवळ आला, की तो थोडा वेळ जमिनीवर तसाच पडून राहिला.

“झोपलास का?”

“नाही, वस्ताद.”

तो उठला. कपडे झाडले.

“नंबर वर घे. वाच.”

“चार. अलीकडं.”

“खाली घे.”

शहाजीनं चक अर्धा फेरा फिरवला, काटा शून्यावर घेतला, कॅरेज सरकवली. “चार. पलीकडं.”

“एकदा चार हिकडं, एकदा चार तिकडं. मधी काय ऱ्हायलं?”

शहाजी बारकडं बघत राहिला. तो अजूनही आरशासारखा होता. त्यात ट्यूबलाइटची एक लांब रेघ होती.

“...शून्य.”

“वाकडा बार हाय न्हवं त्यो?”

“हो.”

“मग त्यानं सांगितलं कसं?”

शहाजीनं चक पुन्हा अर्धा फेरा फिरवला. बारचा वाक दोन्हीकडं सारखाच पडत होता, म्हणून मधोमध लेथचं खरं माप उरत होतं.

“टाकून दिऊ नको त्याला,” वस्ताद म्हणाले. “कांब लाव.”

चार वाजायला पाच मिनिटं होती, तेव्हा बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला.

शहाजीनं चकमध्ये वीतभर लांबीची कांब धरली होती. दोन्ही टोकांशी थोडी थोडी जागा ठेवून मधला भाग खोल कापून घेतला होता, म्हणजे दोन टोकांना दोन कडी राहिल्यासारखी दिसत होती. आता त्या दोन कड्यांवरून एकच पातळ काप न्यायचा होता. हत्यार जागचं न हलवता. दोन्ही कडी सारख्या मापाची आली तर लेथ खरा. नाही आली तर टेंपो बाहेर उभाच होता.

“टेंपोवाला विचारतोय, आत घेऊ का?” कमलनं विचारलं.

“थांबायला सांग.”

“किती वेळ म्हणून विचारतोय.”

“एक काप,” शहाजी म्हणाला.

लेथ सुरू झाला. तो आवाज... शहाजीनं मान वर केली. आठ रविवारांत त्यानं डायल पाहिली होती, काटा पाहिला होता, कागदावर आकडे लिहिले होते. आवाज मात्र त्यानं ऐकला नव्हता. आज तो ऐकू आला. खालच्या सुरातला, मांजर पोटाशी घेतल्यावर घुरघुरतं तसा. वस्तादांनी डोळे मिटले होते.

हत्यार पहिल्या कड्यावरून गेलं. धातूची केसासारखी बारीक तार सुटली आणि तुटली. मधल्या खोल भागात हत्यार हवेतच चाललं, तिथं आवाज बदलला. मग दुसरं कडं. पुन्हा तार. शहाजीनं लेथ बंद केला.

टेंपोवाला दारात येऊन उभा राहिला होता. वाळव्याकडचा उंच माणूस, कानाला विडी खोचलेली. “ह्येच न्यायचं का?” त्यानं विचारलं.

शहाजीनं हातानंच त्याला थांबवलं.

शहाजीनं मायक्रोमीटर घेतला. पहिलं कडं मोजलं. दोनदा मोजलं. मग दुसरं. परत पहिल्याकडं गेला, परत दुसऱ्याकडं.

“मोठ्यानं,” वस्ताद म्हणाले.

“चोवीस पूर्णांक एकसष्ट.” त्यानं एकेका कड्यावर बोट ठेवून पुन्हा सांगितलं, “इकडं चोवीस एकसष्ट. तिकडं... चोवीस एकसष्ट.”

“बरं.”

“वस्ताद, शंभराव्या भागाचाही फरक नाही.”

“बरं म्हटलं की.”

शहाजीनं टेंपोवाल्याकडं पाहिलं. “भाऊ, न्यायचं काही नाही. चुकून बोलावलं. तुमच्या खेपेचे पैसे देतो.”

“म्हणजे रिकामाच जाऊ?”

“चहा घेऊन जावा.”

टेंपोवाल्यानं लेथकडं पाहिलं, वस्तादांकडं पाहिलं, मग घाम आणि तेल माखलेल्या शहाजीकडं पाहिलं. “चांगलं सुरू असलेलं मशीन खोलायला काढलं हुतं व्हय?” तो म्हणाला आणि कमलच्या मागं चहाला गेला.

शेडमध्ये दोघंच उरले.

उन्हं खिडकीच्या जाळीतून तिरपी आत आली होती आणि बेडवर पडली होती. चंद्रकोरी एकेक उठून दिसत होत्या. कुठली वस्तादांची, कुठली आपली, हे शहाजीला एके काळी ओळखता यायचं. वस्तादांच्या सगळ्या एका मापाच्या. त्याच्या सुरुवातीच्या खोल आणि घाबरट. तो शोधत राहिला. आता ओळखता येत नव्हत्या.

“वस्ताद.”

“हं.”

“मघाशी मी तुम्हाला जे विचारलं... लेथ देताना ठाऊक होतं का म्हणून...”

“विचारायचंच की. विचारायला काय जातंय?”

“मी विचारलं नव्हतं. मी आधीच ठरवून बसलो होतो.”

वस्तादांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

शहाजीला आता एकच हवं होतं. त्याच्या वाचण्यावरचा त्याचा स्वतःचा विश्वास आज उडाला होता. त्यानं कांब काढली, बार पुन्हा बसवला, डायल लावली आणि तिचं तोंड वस्तादांकडं फिरवलं.

“आता एकदा तुम्ही बघा. नंबर वर आणि नंबर खाली. तुम्ही हो म्हणालात की मी बोल्टवर रंगाची खूण करतो. मग त्याला हात लावणार नाही.”

“कशाला म्हाताऱ्याला वाकवतोस?”

“एकदाच, वस्ताद.”

वस्ताद उठले, लेथपाशी आले. त्यांनी डायलकडं हात नेला. हात डायलच्या अलीकडं चार बोटं थांबला, हवेत चाचपला, मग स्टँडच्या दांडीला लागला आणि तिच्यावरून वर चढत डायलपर्यंत पोचला.

शहाजीनं ते पाहिलं.

पत्र्यावर फांदी घासत होती. आत घरात टेंपोवाला कशावर तरी हसत होता.

“वस्ताद...” तो हळूच म्हणाला. “काटा कुठं आहे?”

वस्तादांनी बोटानं डायलची काच चाचपली.

“दिसतो का तुम्हाला काटा?”

“माणूस दिसतोय. रंग दिसतोय. पोपट दिसला.” ते हसले. “काटा आठ-नऊ म्हैनं झालं, न्हाई दिसत.”

“म्हणजे शेड बंद केली ती...”

“मग काय चाचपडत कापू?”

शहाजीनं त्यांचा हात धरला आणि त्यांना ठोकळ्यापर्यंत आणून बसवलं. स्वतः त्यांच्यासमोर जमिनीवर बसला, सतराव्या वर्षी बसायचा तसा, गुडघे छातीशी घेऊन.

“म्हणजे मघापासून तुम्ही काहीच बघितलं नाही. शून्य म्हणालो ते मी. आठ म्हणालो ते मी. चोवीस एकसष्ट तेही मी.” तो थांबला. “मी तुमच्यावर झिजलेला लेथ दिल्याचा आळ घेऊन तुम्हाला इथं आणलं होतं. त्याच माणसानं वाचलेल्या आकड्यांवर तुम्ही टेंपो परत पाठवू दिलात. मी एखादं घर चुकीचं वाचलं असतं तर? माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून मुद्दाम वाचलं असतं तर?”

वस्ताद पायानं चपला शोधत होते. शहाजीनं त्या पुढं सरकवल्या.

“एकदाही तुम्हाला वाटलं नाही, की कमलला बोलवावं, तिच्याकडून बघून घ्यावं?”

वस्तादांनी एक चपल घातली. दुसरी घालता घालता थांबले.

“तू वाचत हुतास न्हवं? मग मी कशाला बघू?”